रघ्या आणि मिलिटरीची चाकं

१३ मे २०१८, तलासरी

आज चाकं आणली. मिलिटरीची, जाड गुटक्यांच्या टायरांची, चार आणि एक स्टेपनी. भिवंडीच्या पुढे एक भंगारवाला आहे, लष्कराने लिलावात काढलेला माल घेऊन बसतो. आवारात जुन्या गाड्यांचे सांगाडे, तंबू आणि बुटांचा हा ढीग. माझ्या पिकअपला बसवायची आहेत म्हटल्यावर तो हसला. हसू दे. जन्मभर दुसऱ्यांचे बूट विकणाऱ्याच्या हसण्याला मी किंमत देत नाही.

डायरी मी आजपासून लिहितो आहे. असं काम या पट्ट्यात कोणी केलेलं नाही, आणि उद्या सगळे माझी नक्कल करणार. तेव्हा पहिला कोण होता याची नोंद असलेली बरी.

सोबत रघ्या होता. रघ्या म्हणजे आमच्या जमनाचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. तिशीचा झाला, लग्न नाही, गाडीवर माझ्याबरोबर असतो. अंगात ताकद बैलाची आणि डोकंही त्याच जनावराचं. भंगारवाला आम्हाला चाकाचे नट समजावत बसला. आतल्या गोलातले नट चाक गाडीला धरून ठेवतात. बाहेरच्या गोलातले, लाल रंगाचे, डिस्कचे दोन अर्धे भाग एकमेकांना धरतात. टायरात हवा असताना लाल नटाला पाना लावायचा नाही, नाहीतर डिस्क उडून माणूस जाईल. हे त्याने तीन-तीनदा सांगितलं. रघ्या प्रत्येक वेळी पहिलीतल्या पोरासारखी मान हलवत होता. मला एकदा सांगितलेलं पुरतं, मी बारावी झालोय.

२४ मे

चाकं बसली. चाकाची भोकं आणि हबचे बोल्ट यांचं काही जुळेना, म्हणून मध्ये घालायला लोखंडी प्लेटा करून घ्याव्या लागल्या. लेथवाल्याने आठ दिवस फिरवलं. मग मडगार्डला टायर घासायला लागले. सरळ ग्राइंडर घेतला आणि मडगार्ड कापले. शेजारचे दोघे-तिघे कमरेवर हात ठेवून बघत होते. एक म्हणे, स्टेअरिंग जड होईल. दुसरा म्हणे, ब्रेक कमी लागतील. यांच्या घरी सायकल धड चालत नाही.

गाडी मात्र काय दिसते! हत्तीसारखी उभी आहे. जमना बाहेर आली, मागच्या फाळक्याजवळ उभी राहिली. फाळका तिच्या छातीला लागला.

"बाया चढतील कशा?" ती म्हणाली.

एवढं सगळं उभं केलं आणि हिला सुचलं काय, तर हे.

८ जुलै

आता विरोधकांनी तोंड लपवावं. वरच्या पाड्याचा रस्ता म्हणजे ओढ्यापासून पुढे नुसता लाल चिखल. सगळ्या जीपा ओढ्यावर थांबतात, तिथून पाड्याची माणसं डोक्यावर ओझी घेऊन डोंगर चढतात. आज माझी गाडी ओढ्यातून गेली, चिखलातून गेली, आणि थेट पाड्यावरच्या चिंचेखाली उभी राहिली. पोरं ओरडत मागे धावत होती.

बाजाराला जायला बाया जमल्या. सगळ्यात पुढे सोनीबाई. ही पाड्यातली सगळ्यात म्हातारी आणि सगळ्यात तोंडाळ. गाडीकडे मान वर करून बघत म्हणाली, "सुदाम, ही गाडी का माडी?"

रघ्या खाली उतरला, एक गुडघा वाकवून फाळक्याला टेकवला आणि बायांना त्यावर पाय ठेवायला लावलं. एका हाताने मनगट धरायचं, दुसऱ्याने टोपली घ्यायची आणि उचलून आत. सोनीबाईला तर त्याने अल्लद वर ठेवलं. प्रत्येकीची टोपली कुठली, कोंबडी कोणाची, गुडघा कोणाचा दुखतो, याला सगळं पाठ. या असल्या चौकशांत वेळ फार जातो. मी दोनदा हॉर्न दिला. तरी हौदा भरला, परतीलाही भरला. चाकांची किमया.

१९ ऑगस्ट

रघ्या तापाने पडला म्हणून दोन बाजार मी एकटाच गेलो. बाया आल्या, गाडीभोवती घुटमळल्या आणि चालत निघून गेल्या. सणाचे दिवस होते, बाजारात जीव नसणार. आज रघ्या आला आणि गाडी पुन्हा भरली. सण संपले की धंदा वर येतो हे मी नेहमी म्हणतो.

१२ सप्टेंबर

रघ्याला तारापूरच्या एका कारखान्यात काम मिळत होतं. गावचा एक जण तिथे आहे, त्याने शब्द टाकला होता. रघ्याने नाही म्हणून कळवलं. मी विचारलं का.

"मग गाडीवर तुमचा कोन हाय, भावोजी?"

मला हसू आलं. जणू काय गाडी हाच चालवतो. कारखान्याचं नशीब म्हणायचं. जमना मात्र दोन दिवस गप्प आहे. तिचं गप्प राहणं मला कळत नाही आणि विचारायला वेळही नाही.

१८ ऑक्टोबर, दसरा

गाडी धुतली, झेंडू घातले, नारळ फोडला. काल चाकांना चंदेरी रंग दिला. पाची चाकं, डिस्क आणि नट, सगळं एकसारखं. रघ्या ब्रश घेऊन बाहेरच्या नटांपाशी अडून बसला होता.

"हे लाल ऱ्हाऊ दे ना भावोजी. त्यो मानूस बोललाता."

"दसऱ्याला विटक्या नटांची पूजा करायची काय?" मी म्हणालो आणि ब्रश हातातून घेतला. वर्षाचा सण, गाडी म्हणजे आपली लक्ष्मी, आणि हा तिला चट्ट्यापट्ट्याची ठेवायला निघाला होता. रंग असा झकास बसलाय की हायवेवरचे ट्रकवाले थांबून बघतात.

२५ नोव्हेंबर

दोन बातम्या. एक, रघ्याचं जमलं. मुलगी रानशेतच्या भिकाची, नाव कविता. दिसायला चांगली, बोलायला ठाम. तिने याच्यात काय पाहिलं कोण जाणे. माघात लग्न.

दुसरी, या महिन्यापासून जमीन हलायला लागली आहे. आधी खालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात. पाड्यावरची माणसं अंगणात झोपतात. शाळा झाडाखाली भरते. भगताने धरतरीला, म्हणजे भुईच्या देवीला, कोंबडं द्यायला सांगितलं. अडाणी लोक. मीही बाहेर झोपतो, पण ते हवेसाठी.

९ जानेवारी २०१९

आज जे झालं ते लिहून ठेवतो.

पाड्यावरून भरल्या गाडीने उतरत होतो. चिंचेच्या जरा खाली मागचं डावं चाक बसलं. पूर्ण नाही, अर्धं. बाजाराची वेळ चालली होती, बाया हौद्यातून कलकल करत होत्या. रघ्याने त्यांना एकेक करून खाली उतरवलं आणि लांब बांधावर बसवलं. जॅक लावला. पाना घेऊन चाकापुढे बसला आणि नटांकडे बघतच राहिला.

"बाहेरचे सोड आधी, आतले मग," मी म्हणालो.

"भावोजी, लाल व्हते ते हेच नायत का?"

"तुला कुठे लाल दिसतंय?"

"हवा तरी काडू आधी."

"बसलेल्या टायरातली हवा काय काढतोस? उरक."

त्याने एका बाजूला सरकून पाना लावला. दोन-चार नट सोडले. नेमका त्याच वेळी भूकंप झाला. मोठा आवाज, धुरळा, डिस्कचा अर्धा भाग उडून बांधापलीकडे. जॅक सरकला असणार. बाया ओरडत पळाल्या, पाड्यावरची माणसं घरातून बाहेर आली. रघ्या बसल्या जागी बसला होता, उजवा हात डाव्या हातात धरून. हाताला हाताचा आकार नव्हता.

मी ओरडलो, "भूकंप! भूकंप!" सगळ्यांनी ऐकलं.

११ जानेवारी

डहाणूला दवाखान्यात रघ्या आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हे नशीब. मनगट जुळेल, तीन बोटं वळणार नाहीत. कसं झालं म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत रघ्याच म्हणाला, "भूकंपात जॅक सरकला, साहेब."

चला, चार शब्द सुसंगत बोलण्याइतकी अक्कल याला आली म्हणायची. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली रिक्षावाले भांडत होते.

२७ जानेवारी

गाडी पुन्हा सुरू केली. चाक बदललं, स्टेपनी लावली. पाड्यावर गेलो तर बाया चिंचेखाली बसून राहिल्या.

"चढा ना," मी म्हणालो.

सोनीबाई म्हणाली, "कशा चढू? रघ्या नाय."

मी म्हणालो, स्टूल आणतो. ती म्हणाली, "स्टूल पडंल. रघ्या कदी पडला नाय." आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली. तिच्यामागे बाकीच्या. रिकामी गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग चिखल वाळलेल्या रस्त्याने उतरलो. हॉर्न दिला नाही.

वाटेत सोनीबाईने एकदा मागे वळून म्हटलं, "त्या दिशी भूकंप झाला म्हंतोस. आमच्या चुलीवरचा मडका नाय हालला." मी म्हणालो, आजी, तुला ऐकू कमी येतं. ती म्हणाली, "मडका डोल्याने बगतात."

पाड्यावरच्यांना बोलायला काही काम नाही.

३ फेब्रुवारी

रानशेतहून भिका आला. ओट्यावर बसला, चहा घेतला नाही तेव्हाच मी ओळखलं. लग्न थांबवतो म्हणाला.

"हाताचा मी बोलत नाय," तो म्हणाला. "हात काय, कोनाचाही मोडतो. पन भूकंपाचा काय? त्या दिशी रानशेतला नाय झाला. कासा गावाला नाय झाला. मी मुद्दाम सगलीकडे इचारला. तुमच्या पाड्याच्या खालीही नाय झाला. मंजे त्या एकट्याच्याच पायाखाली झाला. भगताने कौल लावून तांदूल बगितले. बोलला, धरतरीनं ह्याला निवडून मारला. आशा मानसाला पोरगी कशी देऊ?"

रघ्या आत होता. गळ्यात हात अडकवलेला. सगळं ऐकत होता. एक शब्द बोलला असता तर लग्न वाचलं असतं. भिका गेल्यावर बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला आणि म्हणाला, "भावोजी, आता ते तारापूरचे काम पन नाय जमनार. एका हाताने तिथे घेत नायत. मंग मी गाडीवरच हाय." मला बरं वाटावं म्हणून सांगत होता.

हे लोक आणि यांचे भगत. भूकंप म्हणजे जमिनीच्या पोटातली हालचाल, हे मी भिकाला शास्त्रीय पद्धतीने समजावायला हवं होतं. पण मी त्याने न घेतलेला चहा मोरीत ओतला.

१० फेब्रुवारी

जमनाने आज तोंड उघडलं. महिन्याभरात पहिल्यांदा. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"त्या दिवशी मी तांदूळ पाखडत होते. सुपातला दाणा नाय हालला. पहिल्या दिवसापासनं मला ठावं हाय. पाड्याला बी ठावं हाय. दोन-अडीच महिने रोज हालणाऱ्या जमिनीवर निजतात ती माणसं, त्यांना भूकंप कळत नाय काय?"

मी म्हणालो, मग कोणी काही बोललं का नाही?

"रघ्यानं सांगितलं सगळ्यांना. दवाखान्यात जो जो बघायला गेला त्याला. भावोजींना काय बोलू नका, त्यांना लागंल."

भाकरी करपली. तिने ती तशीच माझ्या ताटात टाकली.

१२ फेब्रुवारी

दोन दिवस एक गोष्ट लिहायचं टाळतोय. मागची पानं वाचली. प्रत्येक पानावर मी कोणाला ना कोणाला मूर्ख म्हटलंय. चांगलं लिहिलंय, वाचायला मजा येते. पण ९ जानेवारीचं पान वाचताना मजा आली नाही. "नेमका त्याच वेळी." माझ्याच डायरीत, जिथे बघणारं कोणी नाही, तिथेही मी खोटं लिहिलं. भूकंप झाला नव्हता. रंग मी दिला, नट मी सोडायला लावले, हवा काढू दिली नाही ती मी. त्याने दोनदा विचारलं होतं.

रानशेतला जायला हवं. भिकासमोर, त्या तांदूळ बघणाऱ्या भगताच्या गिऱ्हाइकासमोर, मी मूर्ख ठरायचं. गाडी विकेन पण हे नको, असं सकाळपासून वाटतंय.

१७ फेब्रुवारी

गेलो. गाडी घेऊन गेलो ही आणखी एक चूक, कारण रानशेतची सगळी पोरं चाकं बघायला जमली आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया. भिका अंगणात वाळलेला पेंढा रचत होता. कविता दारात. मी बसलो नाही, बसलो असतो तर बोललो नसतो.

म्हणालो, "भूकंप झाला नव्हता. चाक फुटलं. कोणता नट सोडायचा ते मी चुकीचं सांगितलं. रघ्या विचारत होता, मी ऐकलं नाही."

भिकाने पेंढ्याची पेंडी खाली ठेवली. शांतपणे म्हणाला, "रघ्या काल येऊन गेला. एसटीनं. बोलला, भावोजी एक दिवस येतील आन सगला आपल्या अंगावर घेतील. माज्या लग्नासाटी. त्यांचा काय ऐकू नका, बोलला. भूकंपच व्हता."

आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासमोर चूक कबूल करायला गेलो, आणि हा माझ्याआधी तिथे जाऊन माझी बाजू घेऊन आला होता. एका हाताने एसटीचा दांडा धरून. त्यात त्याचं लग्न कायमचं मोडलं असतं. ते त्याला कळत होतं. एवढं तर बैलालाही कळतं.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या रानशेतसमोर ओरडायला लागलो. "खोटं बोलतोय तो! गाढव आहे! त्याला स्वतःचं हित कळत नाही! आणि त्याच्याहून मोठा गाढव मी! मला सांगितलं होतं लाल नटाला हात लावू नको, तर मी ते रंगवले! दसऱ्याला शोभा हवी म्हणून! चुलीवरचं मडकं हललं नाही, सुपातला दाणा हलला नाही, आणि मी बारावी पास माणूस ओरडतोय भूकंप, भूकंप! तो पोरगा लेकरासारखा माझ्या मागे फिरतो आणि मी त्याचा हात..."

रडलो. चाळीस वर्षांचा माणूस, पेंढ्याशेजारी उभा राहून, बायकापोरांसमोर. लाज वाटली, पण थांबवता येत नव्हतं.

कविता पाण्याचा तांब्या घेऊन आली. माझ्या हातात दिला आणि बापाकडे वळून म्हणाली, "बाबा, इतक्या खोट्या शिव्या कोन सोताला देत नाय."

भिकाने हातावरचा पेंढा झटकला. मग विचारलं, "मंजे धरतरीनं नाय मारला त्याला?"

"नाही," मी म्हणालो. "मी मारला."

भिका पेंढ्यावर बसला. डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. जावयावर देवाचा कोप नाही, नुसता त्याचा भावोजी मूर्ख आहे. एवढंच ना, असा तो चेहरा होता.

"आदी सांगाचा ना," तो म्हणाला. "धरतरीचा कोप आसता तर उतारा करावा लागला आसता. बकरा लागतो, भगत लागतो. तुमच्या अकलंला उतारा नाय. ती सोयऱ्यांनी पोटात घालाची आसते. चैतात बार उडवू."

आजूबाजूच्या बाया हसल्या. मी मान खाली घालून पाणी प्यायलो. या माणसाचं एकही वाक्य आजवर मला पटलेलं नाही. हे पटलं.

निघताना कविताची आई गाडीभोवती फिरून आली. म्हणाली, वऱ्हाड या गाडीत येणार नाही, म्हाताऱ्या चढायच्या कशा? जुनी चाकं आहेत का घरी? मी म्हणालो, आहेत. लावतो.

१९ फेब्रुवारी

जुनी चाकं लावली. मीच लावली, रघ्या शेजारी पाटावर बसून पाना हातात देत होता. डाव्या हाताने. मध्येच म्हणाला, "उगाच गेलात रानशेतला. लोक काय म्हंतील तुमाला?"

"जे आहे ते म्हणतील. तू कशाला गेलास तिथे मरायला?"

"तुमी जानार हे मना ठावं व्हता."

मला स्वतःलाच निघेपर्यंत ठाऊक नव्हतं. याने माझ्याविषयी असं काय पाहिलं होतं ते मला आजही दिसत नाही. मी नट आवळत राहिलो. प्रत्येक नट आवळल्यावर त्याला दाखवून, "हा बरोबर आहे का?" विचारत होतो. तो मान हलवत होता.